सर्व सुखरूप

१० जानेवारी

कप्तान,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते आधी उजेडाला धरलं असशील, आत वकिलाची नोटीस आहे की काय म्हणून. नाही. वकिलाकडे जाण्याइतकी पायरी मी अजून सोडलेली नाही. फोन तू उचलत नाहीस, ई-मेल उघडत नाहीस. कागद मात्र माणूस फेकण्यापूर्वी एकदा वाचतोच, असं आमचे अण्णा म्हणायचे, तुझा मामा. तेव्हा वाच.

अण्णांनी तुझ्या हाती दिलेली आणि तू विकलेली आपली जहाजांची वेबसाइट आता कशी दिसते ते एकदा तरी बघितलंस का? मला रोज बघावी लागते, कारण त्यांनी मला सामानासकट घेतलं आहे. कपाट विकलं की आतला हँगरही जातो, तशी मी गेले. व्यायामशाळेच्या डोक्यावर ऑफिस आहे. खाली कोणी वजन आपटलं की माझ्या टेबलावरच्या कपातला चहा थरथरतो. तिथे बसून मी अजूनही जहाजांची पानं लावते. लावते म्हणजे काय, बाजूला उभी राहून बघते.

अण्णांचं पान आठव. वर जहाजाचं नाव. त्याच्या लगेच खाली, त्या जहाजाबरोबर गेलेल्या माणसांची नावं. हुद्दा नाही, पदक नाही, स्वयंपाकी आणि कमांडर एकाच रांगेत. मग एक ओळ मोकळी. मग बांधणी, लांबी-रुंदी, तोफा, नेमणुका आणि सगळ्यात शेवटी ‘अखेर’. “माणसं आधी, पत्रा नंतर,” हा त्यांचा नियम. इतिहासाचे प्राध्यापक चिडून लिहायचे, की आम्हाला जहाजाचं वजन शोधायला खाली जावं लागतं. अण्णा उलट टपाली कळवायचे, “जा की. पायऱ्या थोड्याच आहेत!” आणि माहिती नसेल तिथे ते जागा कोरी सोडायचे. कोरी जागा खोटं बोलत नाही म्हणे.

आता पान उघडलं की आधी फोटो डुलतो, लाटेवर असल्यासारखा. उजवीकडे निळी चौकट. तिच्यात बारकी बारकी चित्रं: जहाज पाण्यात सोडलं त्या तारखेपुढे बाटली, बुडालं त्या तारखेपुढे माशाचा सांगाडा. बोट लावलं की सांगाडा डोळा मिचकावतो. मिचकावतो, कप्तान! खाली पाच तारे आणि प्रश्न: हे जहाज तुम्हाला कसं वाटलं? सगळ्या माणसांसकट तळाला गेलेल्या एका पाणबुडीला कोणीतरी दोन तारे दिलेत.

आणि नावं? नावं सगळ्यात खाली, ‘आणखी पाहा’ या बटणाच्या आत घडी घालून ठेवलीत. बटण दाबलं की थोडी नावं, मग जाहिरात: ‘दोघांसाठी समुद्रसफर, एकाच्या भाड्यात!’ एक जोडपं कठड्याला टेकून दात दाखवतंय. त्यांच्या पायाखाली पुढचं बुडालेलं नाव सुरू होतं.

आमचा साहेब दाढीवाला आहे, वयाने तुझ्याहून लहान. मी त्याला म्हटलं, नावं वर घ्या. म्हणाला, “मॅडम, लोक खाली जात नाहीत हो, म्हणून जे महत्त्वाचं ते वर ठेवायचं असतं.” मी म्हटलं, “म्हणूनच सांगतेय.” तो हसला. त्याला वाटलं मी पटलं म्हणतेय.

हे सगळं मी गिळलं असतं. पण काल सकाळी तुझ्या आईने, आत्याने, मला हाक मारली आणि टॅबलेट पुढे केला. ती रोज चहा झाला की ‘धाकटी’ बोटीचं पान उघडते, तुझ्या वडिलांचं नाव वाचते आणि मग दिवस सुरू करते, हे तुला माहीत आहे. काल पानावर नाव नव्हतं. कोणाचंच नव्हतं. आणि ‘अखेर’ या मथळ्याखाली लिहिलं होतं: ‘युद्ध संपल्यावर बंदरात परतली. सर्व सुखरूप.’

“हे काय गं?” आत्या म्हणाली.

उत्तर तुला सुचतं का बघ.

ताई


१९ जानेवारी

कप्तान,

उत्तर नाही. ठीक आहे, माझं चालू ठेवते.

काय झालं ते मला लगेच कळलं, आणि कळल्यावर आणखीच शिसारी आली. या नव्या साच्याला कोरी जागा चालत नाही. पानात कुठे रिकामं दिसलं की तो त्या जहाजाच्या बहिणीकडे जातो, म्हणजे त्याच नकाशावर बांधलेल्या दुसऱ्या जहाजाच्या पानावर, आणि तिथला मजकूर उचलून इथे चिकटवतो. लांबी-रुंदीपुरतं ते चालूनही जातं. पण शेवट? एका नकाशावर बांधलेल्या बोटी काय एकाच मरणाने मरतात?

तू पाळण्यात होतास, तुला ऐकूनच ठाऊक. थोरली आणि धाकटी, सुरुंग काढायच्या दोन सारख्या बोटी. थोरलीवर अण्णा, धाकटीवर आतोबा. थोरली परत आली. अण्णांनी तिच्या पानावर स्वतः लिहिलं, ‘युद्ध संपल्यावर बंदरात परतली. सर्व सुखरूप.’ तेच वाक्य साच्याने उचललं आणि धाकटीला डकवलं. धाकटीच्या पानावर मुळात काय होतं ते तुला पाठ असेल: ‘सुरुंगावर आदळून बुडाली. कोणीही वाचलं नाही.’

मी ऑफिसात गेले आणि ‘अखेर’ दुरुस्त केली. नावं मात्र कुठे गेली ते सापडलं नाही. घरी येऊन आत्याला टॅबलेट दाखवला. म्हटलं, बघ, यंत्राची चूक होती, नीट केली.

तिने वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “काल एक, आज एक. हे तू लिहिलंस. कालचं माझ्या भावाचं होतं. ‘सर्व सुखरूप’ असं तोच लिहितो. तुला असलं दोन शब्दांत बोलता येत नाही.”

खरंच होतं ते. वाक्य अण्णांचंच होतं, फक्त दुसऱ्या बोटीचं. मी हे परोपरीने सांगितलं. बहिणी, साचा, कोरी जागा, सगळं. जितकं सांगत गेले तितका तिचा चेहरा बंद होत गेला. एवढी लांबण लावावी लागते म्हणजे नक्की काहीतरी दडवतेय, असं तिला वाटलं. मलाही वाटलं असतं.

मग तिने जे सांगितलं ते मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. आतोबा शेवटचे गेले त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ही म्हणत होती, मूल आता आलंय, ही नोकरी सोडा. ते दारात बूट घालताना म्हणाले, “या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही.” आणि गेले. पुढे दोन अधिकारी आले, टोप्या काढून उभे राहिले आणि म्हणाले, बोट बेपत्ता आहे. प्रेत नाही, पेटी नाही, काही नाही. बुडाली हे तिला पक्कं सांगितलं ते अण्णांनी, आणि पक्कं लिहिलं ते अण्णांच्या पानाने. त्याच एका ओळीवर ती इतकी वर्षं निजली आणि उठली.

“समुद्राने नेला म्हणून मी त्याला माफ केलं होतं,” ती म्हणाली. “आता कळलं. बोट आली, सगळे उतरले, सगळे आपापल्या घरी गेले. एवढा माझाच शब्दाला जागला. आणि माझ्या भावाने जन्मभर झाकून ठेवलं.”

खोलीतला आतोबांचा फोटो तिने उतरवला आहे. ट्रंकेत टाकला, खाली तोंड करून, वर जुन्या चादरी. भिंतीवर नुसता खिळा राहिलाय. मी काही बोलले की ती त्या खिळ्याकडे बघते.

एका वाक्यात दोन मेलेली माणसं नासली, कप्तान. तुझा बाप पळपुटा झाला आणि माझा बाप लबाड. तुला फोन करवत नसेल तर नको करूस. पण हे एवढं वाच.

ताई


२ फेब्रुवारी

कप्तान,

‘प्रिय’ आधीही लिहिलं नव्हतं, आज तर प्रश्नच नाही.

ऑफिसात एक चष्मेवाली बाई आहे. जुनी पानं नव्या साच्यात हलवायचं काम तिचं. डबा आम्ही एकत्रच खातो. आज मी तिच्यापुढे तुमच्या साच्याच्या नावाने खडे फोडत होते, तर तिने चमचा खाली ठेवला.

“अहो, पण साचा भरलेल्या जागेला हात लावत नाही,” ती म्हणाली. “कोरी दिसली तरच उचलून आणतो. तुमच्या त्या पानाची अखेर आमच्याकडे आली तेव्हाच कोरी होती. नावंही नव्हती.”

“शक्यच नाही. मी स्वतः लावलेलं पान आहे ते.”

तिने मला त्या पानातल्या बदलांचा मागचा सगळा प्रवास काढून दाखवला. वेबसाइट त्यांच्या ताब्यात जाण्याच्या आदल्या दिवशी, धाकटीच्या पानावरून सगळी नावं आणि अखेरची ओळ पुसलेली आहे. पान नव्या साच्यात जाईपर्यंत लोकांना आधीची प्रतच दिसत होती, म्हणून आत्याला इतके दिवस कळलं नाही. पुसणारा कोण, तर तू. दुसऱ्या कुठल्याही पानाला हात लावलेला नाहीस.

मी डबा बंद केला. खाली कोणीतरी वजन आपटलं आणि मला वाटलं, बरोबर, अस्संच.

इतके दिवस मी त्या दाढीवाल्याला शिव्या घातल्या. माशाच्या सांगाड्याला घातल्या. ते निदान अडाणी आहेत, त्यांना धाकटी कोण, थोरली कोण काय ठाऊक. तुला ठाऊक होतं. आत्या रोज ते पान उघडते हे तुला ठाऊक होतं. तरी स्वतःच्या बापाचं नाव स्वतःच्या हाताने पुसलंस. कशासाठी? गिऱ्हाइकाला मेलेली माणसं जड वाटत होती का? पान हलकं करून दिलंस का?

लहानपणी तुला कप्तान म्हणायचे ते कौतुकाने नव्हे, हे तुला आठवतं ना. तळ्यातल्या होडीत बसलास आणि पाचव्या वल्ह्याला सगळं ओकलास, म्हणून. तेव्हा मी तुझी पाठ चोळली होती. आज माझी पाठ चोळायला कोणी नाही.

एक ओळ तरी लिही. का केलंस?

ताई


१४ फेब्रुवारी

कप्तान,

एक ओळ लिही म्हटलं तर तू खरोखर एकच ओळ पाठवलीस. “तेवढं विकायचं नव्हतं, ताई.”

फोनच्या पडद्यावर ती आली तेव्हा मी भाजीच्या दुकानात रांगेत होते. माझा नंबर आला तरी मी हललेच नाही. मागच्या बाई म्हणाल्या, “पुढे व्हा की.” मी पुढे झाले आणि काय घ्यायचं तेच विसरले.

आधी मला भरून आलं, हे कबूल करते. तू सही करायला बसला असशील. त्यांनी तुला नवा साचा दाखवला असेल, जाहिराती कुठे येणार ते दाखवलं असेल. आणि तुला दिसलं असेल, की त्या हसऱ्या जोडप्याच्या पायाखाली तुझ्या बापाचं नाव येणार. म्हणून रात्र पडायच्या आत तेवढं काढून घेतलंस. जागा कोरी सोडलीस, कारण कोरी जागा खोटं बोलत नाही असं मामाने शिकवलं होतं. नवा साचा ती बहिणीच्या शेवटाने भरेल हे तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

मग घरी पोचेपर्यंत माझी ती माया उतरली.

तेवढं विकायचं नव्हतं! म्हणजे बाकीचं विकायचं होतं. पाणबुडीतली ती सगळी माणसं, ज्यांना दोन तारे मिळाले, ती विकायची होती. आगीत गेलेले, बर्फात गेलेले, ज्यांची नावं अण्णांनी त्यांच्या बायकांना, पोरांना पत्रं पाठवून पाठवून गोळा केली, ती विकायची होती. त्यांच्याही घरी कोणीतरी चहा झाला की पान उघडत असेल. आपला बाप तेवढा उचलून खिशात घातलास आणि दुसऱ्यांचे बाप जाहिरातीखाली दिलेस. घाण वाटत असेल तर सगळ्यांसाठी वाटू दे. नाहीतर गप्प गिळायची. आपल्या ताटातली माशी काढून पंगतीला तेच वाढायचं, ही कुठली स्वच्छता?

झालं. ओकून झालं. आता कामाचं बोलते.

आत्या आता जुने हिशोब मांडते आहे. काल विचारत होती, “तुझा बाप दर महिन्याला कुठे जायचा गं? त्यालाच भेटायला जात असेल का?” अण्णा दर महिन्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचे. पण ती आता सगळं पुन्हा तपासते आहे आणि तिला सगळीकडे तोच दिसतो आहे, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी दुसऱ्या बाईच्या घरात, म्हातारा होत असलेला.

माझं ती ऐकत नाही. पानाचं आता ती ऐकणार नाही, कारण पान दोनदा बदललं. तुझं ऐकेल. कारण पुसणारा तू आहेस. तूच तिला सांग, की आई, मी पुसलं, अखेर कोरी राहिली, आणि तिथे आलेली ओळ थोरलीची होती. गोड बोलून काही होणार नाही. जे केलंस ते जसंच्या तसं सांग. तिला खरं बोलणं आवाजावरून कळतं, आणि तुझ्या आवाजात खोटं किती केविलवाणं वाटतं ते आपण सगळे जाणतो.

रविवारी सकाळी चहा झाला की मी फोन तिच्यापुढे ठेवीन. वाजला नाही तर पुन्हा मला ताई म्हणू नकोस.


२१ फेब्रुवारी

कप्तान,

वाजला. तुझं तुला माहीत आहे, पण फोनच्या या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तू बोलत होतास तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, डॉक्टरने आत बोलवायची वाट बघत बसावं तशी. मला तुझे शब्द ऐकू येत नव्हते, नुसतं तुझं अडखळणं येत होतं. बराच वेळ ती हूं हूं करत होती. मग म्हणाली, “म्हणजे ती ओळ तू खोडलीस? तू?” मग, “कशाला रे बाळा?” आणि मग अगदी हलक्या आवाजात, “मला एकच सांग. बुडाला ना? नक्की बुडाला ना तो?”

तू काय म्हणालास देव जाणे. तिने फोन ठेवला. माझ्याकडे वळली आणि तिचं तोंड असं उजळलेलं होतं, की मी दचकले.

“बुडाला गं,” ती म्हणाली. “खरंच बुडाला. यायचं होतं त्याला.”

आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला इतकं समाधानाने रडताना बघितलं नव्हतं. मीही रडले. लाज कसली त्यात.

थोड्या वेळाने म्हणाली, “जा, ट्रंक उघड. उगाच बिचाऱ्याला उपडा घालून ठेवलाय इतके दिवस.” मी स्टुलावर चढून फोटो लावला. डावीकडे घे, उजवीकडे घे, असं करत तिने मला भंडावून सोडलं. शेवटी होता तिथेच तिरका लागला.

मग तिने टॅबलेट मागितला. “नावं परत टाक.” मी म्हटलं, “आत्या, कप्तानकडून मागवते, त्याच्याकडे असतील.” ती म्हणाली, “त्याच्याकडे कशाला? मी सांगते.” आणि तिने डोळे मिटून सगळी नावं सांगितली, अण्णांनी लावली होती त्याच ओळीने. मी टाइप करत गेले. तुझ्या वडिलांचं नाव मधे आलं आणि गेलं. ती थांबली नाही, आवाज बदलला नाही. सगळ्यांच्या रांगेत घेतलं आणि पुढे गेली.

मी म्हटलं, “आत्या, हे सगळं खाली जाणार. बटणाच्या आत. मधे ती घाणेरडी जाहिरात येणार.”

“येऊ दे,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं नाकाला रुमाल लावून बसा. एकाला विकायचं नव्हतं, एकीला बघवत नाही. मला नाव वाचायचंय. बटण दाबेन, नाही कोण म्हणतंय.”

कप्तान, मी इतके दिवस तुला सुनावलं ते सगळं मला या दोन वाक्यांत परत मिळालं. दाढीवाल्याची शिसारी मात्र तशीच आहे, ती काढू नकोस. उद्या मी ऑफिसात जाऊन ते पाच तारे निदान बुडालेल्या जहाजांवरून काढायला लावणार आहे. नाही ऐकलं तर पुन्हा सांगणार आहे. आणि तू मला लिहून द्यायचं, की ही वेबसाइट विकणारा माणूसही हेच म्हणतो. तेवढं तरी कर, दुसऱ्यांच्या बापांसाठी.

पान तयार झालं तेव्हा मी तिच्या हातात दिलं. तिने बटण दाबलं, वाचत वाचत खाली आली. जाहिरात आली. मी पटकन बंद करायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं. चष्मा सावरून तिने सगळं मोठ्याने वाचलं. “दोघांसाठी समुद्रसफर, एकाच्या भाड्यात.” त्या हसऱ्या जोडप्यावर बोट ठेवलं. तू जन्मल्यापासून ती समुद्राच्या बाजूला फिरकलेली नाही, हे तुला माहीत आहे.

मग मला म्हणाली, “विचार की त्यांना. एकटीला किती पडेल?”

मी अजून विचारलेलं नाही. तिला एकटीला पाठवायचं का, ते तू ठरव. ये. उलटीच्या पिशव्या मी आणून ठेवते.

ताई